तुमच्या नावावरची गाडी

डमडम, कोलकाता
११ मार्च २०२५

वसंतभाऊजी,

तुमचं सांत्वनाचं पत्र पोचलं. चार ओळी होत्या, पुरेशा होत्या. मी बरी आहे. रक्तदाब गोळीने आटोक्यात राहतो. नूपुर ऑफिस सुटल्यावर न्यू टाउनहून येऊन जाते, आठवड्यातून दोनदा राहतेही. तुम्ही आणि सुलभा नागपुरात सुखरूप असाल. जाऊ असूनही सुलभाला मी पाहिलेलं नाही, तरी तिला माझे आशीर्वाद सांगा. एकोणचाळीस वर्षांनी तुम्हाला लिहिताना मायना काय घालावा ते सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव घातलं आहे. राग मानू नका.

तुमचे दादा १९ जानेवारीला सकाळी साडेनऊला गेले. खुर्चीत बसून पेपर वाचत होते. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मी विचारलं, 'नसेल' की 'नाही'? ते म्हणाले, "माशिमा, ते कुणालाच सांगता येत नाही." इथे माझ्या वयाच्या प्रत्येक बाईला माशिमा म्हणतात, म्हणजे मावशी. उत्तर प्रामाणिक होतं म्हणून मी पुढे विचारलं नाही. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. मी रडले नाही. वेळ मिळाला नाही असं नाही, आलं नाही.

आता कामाचं. गॅरेजातली गाडी विकायची आहे. घर प्रोमोटरला, म्हणजे इथल्या बिल्डरला, द्यायचं नक्की केलं आहे. तो चार मजले बांधेल, मला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या देईल, आणि गाडीला देईल ती जागा उघड्यावरची. जूनअखेर घर रिकामं करायचं आहे. १९५८ सालची टपाची गाडी कोलकात्याच्या पावसात उघड्यावर ठेवता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

गाडी तुमच्या नावावर आहे. तुम्ही विसरला नसाल, पण नूपुरला हे ठाऊकच नव्हतं. तिला सगळं सांगावं लागलं. १९७९ साली डुआर्समधल्या चहाच्या मळ्याचा स्कॉटिश मॅनेजर देश सोडून निघाला, तो ही लाल एमजी मिळेल त्या किमतीला द्यायला तयार होता. आईंनी पाटल्या दिल्या, दादांनी साठवलेले पैसे घातले. पण दादा गार्डन रीचच्या जहाजकारखान्यात अधिकारी. एवढ्या किमतीची वस्तू घेतली की खात्याला कळवावं लागे, आणि विलायती स्पोर्ट्स गाडी कळवली की दक्षतावाले पैसे कुठून आले ते विचारत. पैसे सरळ होते. दादांना भीती उत्तराची नव्हती, प्रश्नाची होती. म्हणून गाडी बावीस वर्षांच्या, एम.कॉम. शिकणाऱ्या धाकट्या भावाच्या नावावर घेतली. त्या काळी सरकारी नोकरांच्या निम्म्या वस्तू अशाच कुणाच्या तरी नावावर असत. नंतर बदलून घेऊ म्हणाले. राहिलं.

नूपुर म्हणाली, "म्हणजे बाबा चाळीस वर्षं काकांची गाडी पुसत होते?"

मी म्हटलं, हो.

एक गोष्ट कळवणं भाग आहे. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागे. त्या अर्जावर तुमची सही दादाच करत. आधी कोऱ्या कागदावर दहा-बारा वेळा गिरवून पाहत. त्यांच्या टेबलाच्या खणात असे कागद सापडले, सगळे जपून ठेवलेले. हे बेकायदा होतं. तुम्हाला तक्रार करायची असेल तर ती करायला माणूस राहिलेला नाही. ती सही मलाही जमेल, मी पाहिलं. पण मी करणार नाही. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० सोबत पाठवते आहे. जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुली आहे.

किंमत किती येईल हे न सांगता सही मागणं बरोबर नाही. मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, आणि पाचापेक्षा कमी नमुन्यांवर अंदाज बांधू नये असं मुलींना बजावत आले. अशा गाडीचे देशात झालेले व्यवहार मला शोधून तीन सापडले, त्यांतला एक ऐकीव. परदेशातल्या लिलावांचे आकडे पुष्कळ आहेत, पण इथे लागू नाहीत, कारण ही गाडी आता देशाबाहेर जायची नाही. तेव्हा पंचवीस ते पस्तीस लाख असं लिहिते. एवढी मोठी फट ठेवली की समजावं, सांगणाऱ्याला माहीत नाही. जाणकार माणूस बोलावला आहे, तो पाहून सांगेल. आलेल्या पैशांत वाटे किती, हे मी लिहीत नाही. कायद्याने सगळेच तुमचे आहेत.

गाडीचा वापर डिसेंबर १९८५ पर्यंत नियमित. नंतर दुरुस्ती. त्यानंतर किरकोळ.

प्रेमलता मुजुमदार



डमडम
९ एप्रिल २०२५

वसंतभाऊजी,

फॉर्म पोचले. सोबतची चिठ्ठीही. 'वहिनी, किंमत तुम्ही ठरवाल ती. मला त्यातलं काही नको.' एवढ्या लांबच्या टपालात एवढी छोटी चिठ्ठी मी दुसरी पाहिली नाही. सह्या तपासल्या. दादा तुमची सही तुमच्यापेक्षा सुबक करत.

जाणकार येऊन गेला. तन्मय गुहा नाव, चाळिशीचा असेल. जुन्या गाड्यांच्या किमती काढणं हाच व्यवसाय आहे त्याचा, विकत घेणारे त्याच्या शब्दावर पैसे टाकतात. बालीगंजचे एक गृहस्थ गाडी घ्यायला उत्सुक आहेत, तेही त्याच्यामार्फतच. दारावरची पाटी वाचून तो बांगलात सुरू झाला. मुजुमदार म्हणजे आपलेच, असं इथे सगळ्यांना वाटतं. मराठी आहे म्हटलं की थोडे हिरमुसतात. हा हिरमुसला नाही. म्हणाला, "मग तर बरंच माशिमा, भाव करताना मला लाज वाटणार नाही." तो बांगलात बोलला, मी बहुतेक हिंदीत. हिंदीत मी जास्त कडक वाटते असं नूपुर म्हणते.

त्याची पद्धत मला आवडली. त्याने आधी गाडीचं कौतुक केलं नाही. खिशातून रुमालात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि पत्र्यावरून सावकाश फिरवत गेला. लोखंड असेल तिथे चिकटतं, आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे सुटतं. उजव्या बाजूला सगळीकडे चिकटलं. डाव्या बाजूला पुढच्या मडगार्डावर सुटलं, दारावर सुटलं.

"इथे मार बसलाय."

"हो."

"कुठल्या साली?"

"पंच्याऐंशी."

"जोरात?"

"हो."

त्याने वहीत लिहून घेतलं आणि पुढे गेला. मला वाटलं होतं, आणखी विचारेल.

मग बॉनेट उघडलं आणि हसला. "माशिमा, हे तर ॲम्बॅसडरचं इंजिन!" मी म्हटलं, मला माहीत आहे. मूळचं फुटलं होतं, ते मल्लिक बाजारात भंगारात गेलं. तो म्हणाला, दोन्ही इंजिनं एकाच विलायती घराण्यातली, त्यामुळे बसतं चपखल, चालतंही छान. पण इंजिनावरचा नंबर नोंदणीपुस्तकातल्या नंबराशी जुळत नाही, आणि या धंद्यात लोक लोखंडापेक्षा नंबराचे पैसे जास्त देतात. तिथे आठ लाख गेले. मी विचारलं, आठच का? सात का नाही? तो म्हणाला, "नऊ म्हणणार होतो, तुमचा चेहरा पाहून आठ म्हटलं."

दुरुस्ती मात्र त्याने वाखाणली. खालून विजेरी मारून जोड पाहत होता. "हे कुणी केलं?"

"माझ्या नवऱ्याने. स्वतःच्या हाताने. दोन वर्षं लागली."

"जहाजवाले होते ना? जोड बघूनच कळतं. ही गाडी गंगेत ढकलली तरी बुडायची नाही."

मग तो चालकाच्या जागेवर बसायला गेला आणि बसू शकला नाही. उंच आहे. गुडघे स्टिअरिंगला अडले. सीट मागे सरकवायला खालची कडी ओढली, ती हलेना.

"मेशोमशायांची उंची किती होती?" मेशोमशाय म्हणजे दादा.

"सहा फूट एक इंच."

"मग ते कसे चालवत?"

मी म्हटलं, ते फार चालवत नसत. रविवारी सकाळी गॅरेजातून काढून गल्लीच्या टोकापर्यंत नेत आणि परत आणत. गुडघे वर करून बसत. सीट मागे घ्या की, असं मी दारातून म्हणायची. ते म्हणायचे, अडकली आहे.

तन्मय जमिनीवर आडवा झाला, डोकं सीटखाली घातलं. बराच वेळ विजेरीचा उजेड हलत होता. मग तिथूनच बोलला. "अडकलेली नाही माशिमा, वाकलेली आहे. ज्या पट्टीवर सीट मागेपुढे सरकते ती पट्टी वाकली आहे. आणि सीट सगळ्यात पुढच्या खाचेत असताना वाकली आहे. म्हणजे मार बसला तेव्हा चालवणारं माणूस बुटकं होतं. पाच फूट, फार तर पाच-एक." मग उठून बसला, केसांतली जळमटं काढली. "चार बोल्ट आहेत. दहा मिनिटांत पट्टी बदलता येते. ज्या माणसाने अख्खी गाडी पुन्हा उभी केली, त्याने एवढंच का सोडलं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि चहा टाकायला आत गेले. तो माझ्याकडे पाहत होता की गाडीकडे, ते मी पाहिलं नाही.

त्याची किंमत बावीस लाख. बालीगंजच्या गृहस्थांना ती मान्य आहे. मात्र सोबत गाडीची लेखी हकीकत हवी: कुणी घेतली, किती वापरली, काय मोडलं, काय बदललं. घरातल्या माणसाच्या सहीने. असा कागद असला की जुनी गाडी घेणाऱ्याला भरवसा वाटतो.

ती लिहायला बसले आहे. चहामळ्यापासून १९८५ पर्यंतचं एका बैठकीत झालं. पुढे 'अपघात' असं लिहिलं, खाली तारीख लिहिली, त्याखाली 'चालक' असं लिहिलं. इतक्या वर्षांत त्या शब्दापुढे तुमचं नाव मी बोलले असेन, निदान बोलू दिलं असेल. लिहिलं कधीच नव्हतं. आज लिहायला घेतलं तर 'व' काढून हात थांबला. तीन कागद फाडले.

नूपुर जेवायला हाक मारते आहे. इथे उन्हाळा सुरू झाला. नागपूरइतका नसेल.

प्रेमलता



डमडम
१४ मे २०२५

वसंतभाऊजी,

पाकीट उघडल्यावर तुम्हाला आधी तुमचेच सही केलेले फॉर्म दिसतील, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहिते. ते परत पाठवते आहे. तुम्ही त्यांवर सही केलीत ती माझ्या मार्चमधल्या पत्रावर विसंबून. त्या पत्रात खोटं काही नव्हतं. अर्ध्यावर सोडलेलं बरंच होतं. अशा कागदावर कॉलेजात मी कुणाला सही करू दिली नसती.

तन्मय गेल्यावर मी दादांच्या दुरुस्तीच्या वह्या काढल्या. तीन आहेत, लांबट, कारखान्यातल्या. कधी काय उघडलं, काय बदललं, कुठला स्क्रू कुठून आणला, सगळं इंग्रजीत, त्यांच्या त्या सरळ अक्षरात. पहिल्या वहीच्या सहाव्या पानावर एकच नोंद मराठीत आहे. तशीच उतरवते.

'९ फेब्रुवारी १९८६. चालकाची सीट: पहिली खाच. तशीच ठेवणे.'

खाली काही नाही. पुढची नोंद रेडिएटरची आहे, पुन्हा इंग्रजीत.

तुम्ही पाच फूट अकरा इंच होता. मी पाच फूट आहे, चपला घालून थोडी जास्त. त्या गाडीत पहिल्या खाचेत सीट लागायची ती जगात एकाच माणसाला.

२२ डिसेंबर १९८५ ला काय झालं हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण माझ्या अक्षरात ते आजपर्यंत कुठेही नाही.

रविवार होता. आईंना दक्षिणेश्वरला जायचं होतं. दादांची कारखान्यात पाळी होती, म्हणून तुम्ही घेऊन निघालात. गाडी दोघांची, तुम्ही तिघं कशी जाणार असं दादा म्हणाले, तर मी दुमडलेल्या टपावर बसेन असं मीच म्हटलं. जाताना मी मागे बसले. आई शाल आणि कानटोपी घालून पुढे बसल्या होत्या. थंडी होती, टप लावू का असं तुम्ही विचारलंत, तर म्हणाल्या, "एवढी उघडी गाडी घेतलीत ती झाकायला का? लोकांना दिसू दे, मुजुमदारांची म्हातारी गाडीतून चालली आहे." दर्शन झालं. परतताना मी म्हटलं, मला द्या. त्याआधी तीन महिने दादांच्या नकळत तुम्ही मला शिकवत होता. परवाना नव्हता. तुम्ही म्हणालात, "वहिनी, धुकं आहे." मी म्हटलं, मला दिसतंय. तुम्ही मागे जाऊन बसलात.

मला दिसत नव्हतं.

बी. टी. रोडवर लॉरी उभी होती, दिवे नव्हते. मी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. विचार करून ओढलं नाही, पण उजवीकडेच ओढलं, म्हणजे मी बसले होते ती बाजू बाहेर काढली. डावी बाजू लॉरीखाली गेली. आई डाव्या बाजूला होत्या.

तुम्ही मागून रस्त्यावर फेकले गेला होता, मनगट मोडलं होतं. तशा हाताने येऊन तुम्ही मला उतरवलंत. "वहिनी, तुम्ही तिकडे कडेला बसा. तुमच्याकडे परवाना नाही आणि तुम्हाला दिवस आहेत. मी चालवत होतो. आलं ध्यानात? मी चालवत होतो." मी मान हलवली. लोक जमले. पोलीस आले. पुढचं सगळं त्या मान हलवण्यावर उभं राहिलं.

आई तिसऱ्या दिवशी गेल्या. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात दादा तुम्हाला म्हणाले, "आईला नेलंस. आता तूही जा. मला तोंड दाखवू नकोस." मी तिथेच होते. माझ्या हातात थर्मास होता, त्याचं झाकण नीट बसत नव्हतं, ते मी बसवत होते. दोन शब्द लागले असते: 'मी होते.' मी झाकण बसवलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर मी बोलले असते असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही.

खटल्यामुळे बँकेने तुम्हाला कायम केलं नाही. ठरलेलं लग्न मोडलं. हे मला दुसऱ्यांकडून कळत गेलं आणि प्रत्येक वेळी मी 'अरेरे' म्हटलं. त्या दिवशी धक्का बसला होता, असं कुणी म्हणू शकेल. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. नंतरच्या चौदा हजार दिवसांत नव्हता. मी रोज कॉलेजात जाऊन शिकवत होते. मुलींनी एकमेकींची उत्तरं उतरवली की वर्गाबाहेर काढत होते.

आणि दादांना माहीत होतं. हे मला या एप्रिलमध्ये कळलं, एका परक्या माणसाने सीटखाली डोकं घातलं म्हणून. तुम्हाला घालवून सात आठवडेही झाले नव्हते, तेव्हा त्यांना कळलं होतं. तुम्हाला त्यांनी का बोलावलं नाही, याचा मी महिनाभर विचार केला. बोलावलं असतं तर मला विचारावं लागलं असतं. तेव्हा मला पाचवा महिना होता, म्हणून थांबले असतील. मग नूपुर झाली. मग थांबण्याची सवय झाली असेल. मी सांगेन म्हणून ते वाट पाहत होते, की मी सांगत नाही हे दर रविवारी गुडघे वर करून मला दाखवत होते, ते मला ठरवता येत नाही. दोन्हींच्या बाजूने पुरावा सारखाच आहे. तुमची सही मात्र ते गिरवत राहिले. त्याचा अर्थ तुम्ही लावा, तो तुमचा भाऊ होता.

हकीकत लिहून पुरी केली. 'चालक: प्रेमलता मनोहर मुजुमदार, परवाना नसलेली. प्रवासी: सासूबाई, मृत्यू. वसंत मुजुमदार गाडी चालवत नव्हते.' तन्मयला वाचायला दिली. त्याने दोनदा वाचली, चष्मा काढला.

"माशिमा, एवढं लिहायची गरज नाही. 'डावीकडून मार, दुरुस्त' एवढं पुरे. चाळीस वर्षं झाली. कोण विचारतंय?"

"तुम्ही विचारलंत. बुटकं माणूस कोण म्हणून."

"मी सीटबद्दल विचारलं होतं." मग म्हणाला, "बालीगंजच्या बाबूंची बायको पंचांग पाहून फ्रिज घेते. गाडीत माणूस गेलंय हे वाचलं की सौदा संपला."

"दुसरा कुणी आला तर किती?"

"पंधरा. नशीब असलं तर सोळा."

"मग पंधरा लिहा."

"सात लाख जातील माशिमा."

"तुम्ही किंमत काढायला आला आहात ना? मग सगळं धरून काढा."

त्याने बावीस खोडलं, पंधरा लिहिलं, खाली सही केली. पैसे घेईना, मी दिले. निघताना विचारलं, "पट्टी तेवढी बदलून देऊ? दहा मिनिटांचं काम." मी म्हटलं, ते मालकाला विचारावं लागेल. बालीगंजच्या बाबूंचा नकार दुसऱ्याच दिवशी आला.

नूपुरला सांगितलं. जेवण झाल्यावर, टेबलावर, हकीकत पुढे ठेवून. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, मी थांबले. वाचून झाल्यावर म्हणाली, "आई, तू मला हे कधी नाही बोलली." मी म्हटलं, नाही. "बाबाला पण नाही?" नाही. "आणि काका तिकडे एकटे..." उठून गॅरेजात गेली. आली तेव्हा विचारलं, "काकांना माहीत आहे, मी कोण आहे?" मी म्हटलं, तू होणार होतीस म्हणून तर त्यांनी ते केलं. हे मी सांगायला नको होतं बहुतेक. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, माझ्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरल्या आणि न बोलता गेली. अजून तसंच चालू आहे. ती तुम्हाला फोन करेल असं वाटतं. केला तर तिच्या मराठीला हसू नका.

हकीकतीची मूळ प्रत सोबत आहे, माझ्या सहीची, नोटरीचा शिक्का मारलेली. ती गाडीबरोबर द्यायची, सुलभाला वाचायला द्यायची, ज्यांनी लग्न मोडलं त्यांना पाठवायची की जाळायची, हे तुमचं. गाडीही तुमची. पंधरा लाखांना विका, नागपूरला न्या, भंगारात घाला. फॉर्मवर पुन्हा सही केलीत तर आता सगळं माहीत असून केलीत असं होईल. नाही केलीत तरी तेच.

प्रोमोटर काल गॅरेजाची मापं घ्यायला आला होता. त्याला सांगितलं, मालकाचं उत्तर येईपर्यंत गॅरेजला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "मालक तर तुम्हीच ना, माशिमा?" मी म्हटलं, नाही. तुमचं नाव आणि पत्ता त्याला लिहून दिला.

माफी मागत नाही. मागितली की तुम्ही द्याल. तुमचा स्वभाव तसाच असेल तर लगेच द्याल, एका ओळीत. तुमच्याकडून मी एकदा फार घेतलं आहे, आणखी घ्यायचं नाही. रागावायचं असेल तर सावकाश रागवा. मी डमडमलाच आहे. दार उघडायला वेळ लागतो, पण उघडते.

तुमच्या आईंची सून,
त्या दिवशी गाडी चालवणारी,

प्रेमलता